तारे टिपताना जमिनीवर टॉर्च मारावा का? माझं मत: नाही

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी लाइट पेंटिंग केलेलं असतं. शटर उघडं असताना समोरच्या झाडावर किंवा कातळावर टॉर्चचा झोत ब्रशसारखा फिरवायचा. मग वर आकाशगंगा आणि खाली उजळलेली जमीन, दोन्ही एकाच फोटोत येतात. हाताशी वेळ थोडाच असतो. २० मिलिमीटरच्या लेन्सवर साधारण २५ सेकंदांपुढे गेलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघोट्या व्हायला लागतात. मी हे अनेक वर्षं केलं. आता सोडलंय, आणि तुम्हीही सोडावं असं मला मनापासून वाटतं.

ताऱ्यांचा उजेड सगळीकडून झिरपल्यासारखा येतो, त्यात वस्तूची ठळक सावली पडत नाही. टॉर्चचा प्रकाश एका बिंदूतून येतो आणि अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्श्यावर येतो. मग पुढचा दगड पांढराफटक आणि मागचं झाड काळंच. फोटोतली जमीन आणि आकाश एकाच रात्रीचे वाटत नाहीत.

त्यापेक्षा चंद्रकोर वापरा. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, पण त्याचा उजेड पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो. शुद्ध चतुर्थी-पंचमीची कोर त्याहूनही मंद, तरी एफ/२.८ (लेन्सचं छिद्र बरंच उघडं) आणि आयएसओ ३२०० (सेन्सरची संवेदनशीलता वाढवून) ला जमीन छान उमटते. कोर मावळेपर्यंत जमिनीचा फोटो घ्या, ट्रायपॉड हलवू नका, अंधार झाला की आकाशाचा घ्या आणि दोन्ही जोडा.

प्रतिसाद १
पूर्ण असहमत. तुम्ही वाईट लाइट पेंटिंगचे दोष सांगताय. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून टॉर्च मारला तर सगळं सपाट दिसणारच. बाजूला जा, जवळपास काटकोनात. तिरका प्रकाश पडला की कातळाची एकेक खाच उठून दिसते. एलईडीचा निळसरपणा नको असेल तर टॉर्चवर पिवळसर जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा. झोत एका जागी थांबू देऊ नका. हे हाताला बसायला बरेच महिने लागतात, म्हणून तर याला कला म्हणायचं.

आणि ही परंपरा आजची नाही. १८८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मारे आणि त्यांचे सहकारी दमेनी यांनी चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्याच्या हालचालीच्या रेषा टिपल्या. १९४९ मध्ये छायाचित्रकार ग्योन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर पिकासोने हातातल्या छोट्या दिव्याने हवेत चित्रं काढली. ती चित्रं सलग अशी फक्त फिल्मवर उमटली. उजेडाने लिहिणं हे फोटोग्राफीच्या मुळातच आहे.

आता तुमच्या 'एका रात्री'बद्दल. तुम्ही तासा-दोन तासांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो जोडता. माझा टॉर्च आणि तारे त्याच २५ सेकंदांत, त्याच सेन्सरवर उमटतात. मग खरी एक रात्र कोणाची?

प्रतिसाद २
तुम्ही दोघंही फोटोबद्दल बोलताय. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय? डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं तरी लागतात, आणि पांढऱ्या झोताचा एक फटका ते सगळं घालवतो. मी एकदा ताऱ्यांच्या रेषांसाठी दोन तास सलग फोटो घेत होतो. कोणीतरी येऊन समोरच्या झाडावर टॉर्च फिरवला आणि मधले कितीतरी फोटो वाया गेले. ती रात्र परत मिळत नाही. घरट्यातले पक्षी आणि निशाचर प्राणी तर तक्रारही करू शकत नाहीत. अमेरिकेतल्या आर्चेस आणि कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानांत फोटोसाठी खडकांवर असा प्रकाश टाकायला मनाई आहे, ती मला योग्य वाटते.

प्रतिसाद ३
बंदी कशाला? मध्यम मार्ग आहे. टॉर्चऐवजी छोटे एलईडी पॅनेल स्टँडवर, बाजूला दूर ठेवा आणि अगदी किमान उजेडावर लावा. आकाशगंगेला पुरेल असं एक्स्पोजर असलं की इतका मंद प्रकाशही कॅमेऱ्याला पुरतो आणि डोळ्यांवर झोत येत नाही. प्रत्येक फोटोत प्रकाश सारखा पडतो, त्यामुळे पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारच्या फोटोंचा एक रुंद फोटो, जोडताना त्रास वाचतो.

प्रतिसाद २
मंद असला तरी तो दिवा तासन् तास चालू राहतो. त्याच्याकडे किडे येतातच. आणि तिथे आलेल्या इतरांना ती जमीन उजळलेली नको असेल, तर त्यांना कोण विचारतं?

धागालेखक
प्रतिसाद १, जोडलेल्या फोटोबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. 'एका रात्रीचा' हा दावा मी तितक्या सहज करायला नको होता. यापुढे दोन्ही फोटोंच्या वेळा फोटोखाली लिहीन.

तरी टॉर्चकडे परत जाणार नाही, आणि त्याचं कारण मूळ धाग्यात लिहायचं राहिलं. टॉर्च हातात असायचा तेव्हा मी सेकंद मोजत असायचो आणि नजर झोताच्या डागावर असायची. तो ठेवून दिल्यावर, अर्ध्या तासाने, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात पायाखालची वाट दिसायला लागली. समोरचं झाड म्हणजे तारे नसलेला एक आकार, एवढंच. तसंच ते फोटोत यावं असं मला वाटतं. खाली काळी आकृती राहिली तर राहू द्या.

एक करू या का? तुम्ही तुमच्या नेहमीच्या चौकटीचे दोन फोटो टाका, एक बाजूने उजळलेला आणि एक अजिबात न उजळलेला, बाकी सेटिंग तीच. मी पुढच्या शुद्ध चतुर्थीला कोरीच्या उजेडातला आणि कोर मावळल्यानंतरचा, असे दोन टाकतो. न जोडता.