'शॅकिंग अप'ला मराठीत काय म्हणाल?

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचं 'गो युअर ओन वे' ऐकताना एका जागी अडकलो. त्यातला लिंडसे बकिंगहॅम आणि त्याची प्रेयसी स्टीव्ही निक्स यांचं फाटत होतं, बँड मात्र एकच. त्या दिवसांत बकिंगहॅमने हे गाणं लिहिलं. १९७६च्या डिसेंबरात ते बाहेर आलं. त्यात तो तिला म्हणतो, तुला फक्त 'पॅकिंग अप, शॅकिंग अप' हवंय. पहिल्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, गाशा गुंडाळणं. दुसऱ्याचं काय? 'लग्नाशिवाय एकत्र राहणे' एवढाच अर्थ असेल, तर निक्स त्या ओळीवर एवढी का चिडली?

प्रतिसाद :
गोव्यामुळे आपल्याला शॅक म्हटलं की मासे नि समुद्र आठवतो. मूळ अर्थ खोपट, चार दिवसांचा आडोसा. ती तात्पुरतेपणाची हेटाळणी क्रियापदात उतरली आहे. निक्सची तक्रार नेमकी तीच होती : मी वेगवेगळ्या पुरुषांकडे राहत सुटलेय असं हा जगाला सांगतोय, आणि ते खरं नाही. ओळ काढ म्हणाली, त्याने काढली नाही. वर त्याच गाण्यात तिला मागून सूर द्यावा लागला, तोही वर्षानुवर्षं, स्टेजवर!
मी 'बिऱ्हाड थाटणं' सुचवेन. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' आहेच सोबतीला.

प्रतिसाद :
दादा, बिऱ्हाड फार सोज्वळ होतं हो. बिऱ्हाडात स्टोव्ह असतो, भाडं असतं. 'ठेवलेली'ही चालणार नाही, कारण तिथे ठेवणारा पुरुष आणि बाई नुसती वस्तू. या ओळीत तर बाईवरच आरोप आहे की तुलाच हे हवंय.
कर्तेपण बाईकडे ठेवणारा जुना शब्द आहे 'घरोबा करणं'. 'तिनं त्याच्याशी घरोबा केला' असं खेड्यात म्हणत. शहरात मात्र घरोबा म्हणजे दिवाळीचा फराळ पोचवण्याइतकी ओळख, तिथे गोंधळ होईल.

मूळ प्रश्नकर्ता :
ताई, पण घरोब्यात तुच्छता कुठे आहे? लोक तो मान्य करून टाकत. आणि 'लिव्ह-इन' म्हटलं तर भांडणच संपतं, करारनामा डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद :
मग 'पथारी टाकणं' घ्या. आज इथे, उद्या तिथे. गाशाशी जमतंही : दोन्ही अंथरायच्या-गुंडाळायच्या वस्तू. इंग्रजीतलं यमक जातं, ते सोडून द्या.
शीर्षकाचं 'तू तुझ्या वाटेने जा' करू नका, ते आशीर्वादासारखं वाटतं. 'तुझं तू बघ' म्हणा.

प्रतिसाद :
अर्थ लावताना तबकडी उलटी करूनही ऐका. या सिंगलच्या मागच्या बाजूला निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' आहे. १९७७च्या 'रूमर्स' अल्बममध्ये लांबीमुळे त्याला जागा मिळाली नाही. त्यात ती एकदाही शिवी देत नाही, फक्त बजावते की माझा आवाज तुझी पाठ सोडणार नाही. त्याच्या 'शॅकिंग अप'पेक्षा हे मला जास्त झोंबलं.

मूळ प्रश्नकर्ता :
पथारी पक्की. 'पाठ सोडणार नाही'साठी 'मानगुटीवर बसेन' कसं वाटतं?

प्रतिसाद :
नको, ते समंधाचं काम.