गावच्या शाळेत वन्यजीव फोटोंचं प्रदर्शन: साइझ, टांगणी, परवानगी

बोडीकाठ: नवेगाव-नागझिराला लागून गाव, जिल्हा गोंदिया. वन्यजीव सप्ताहात (२ ते ८ ऑक्टोबर) शाळेच्या दोन खोल्यांत बक्षीसपात्र वन्यजीव फोटो लावायचे आहेत, चाळीसेक. वर टिन, दोन्हीकडे खिडक्या, भिंतीत खिळे ठोकायला मनाई. प्रिंट केवढी काढावी, कशावर चिकटवावी? लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतले फोटो नेटवरून घेतले तर चालतात का?

चितळपाऊल: नेटवरून नका घेऊ. बक्षीस मिळालं तरी फोटोचा हक्क फोटोग्राफरकडेच असतो, लेखी परवानगी लागते. आणि १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो १८ इंचांवर छापला तर इंचाला जेमतेम ६७ पिक्सेल येतात. अस्वलाचे केस चिखल फासल्यागत दिसतील. मूळ फाइल मागा. मेलमध्ये गाव, तारखा, प्रवेश फुकट असल्याचं आणि नंतर प्रिंटचं काय करणार, हे लिहा. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० × ४००० असते, म्हणजे २० × ३० इंचांवर इंचाला २०० पिक्सेल. पुरे झाले. बरीच कापलेली फाइल असेल तर १२ × १८ च काढा.

सगळे एकाच मापाचे नकोत. नयन खानोलकरांचा लंडनच्याच स्पर्धेतला, २०१६ च्या शहरी गटातला, मुंबईत आरेच्या गल्लीतला बिबट्या घ्या. तिथं गल्ली आणि घरंच फोटो बोलका करतात. तसा फोटो १२ × १८ वर काढला की बिबट्या शोधत बसावं लागतं. नुसत्या चेहऱ्याचा फोटो लहान चालतो.

सुतळीगाठ: भाऊ, ३ मिमी सनबोर्ड (फोटो चिकटवायचा हलका फोमचा बोर्ड) टिनाखाली दुपारपर्यंत धनुष्यासारखा वाकतो. ५ मिमी घ्या, लॅमिनेशन मॅट. दुहेरी टेपवर भरवसा नको, उन्हानं गोंद पाघळतो आणि रात्री फोटो खाली. मांडववाल्याकडून बल्ल्या आणि आडवे बांबू आणा, मागे राखाडी किंवा काळं कापड ताणा. सनबोर्डला वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून २ इंच आत भोकं, भोकाच्या मागे-पुढे कापडी टेप. ती नसली की सुतळी बोर्ड कापत वर सरकते. दोन सुतळ्या सरळ उभ्या बांधा. एकाच गाठीवर त्रिकोणात टांगलं तर पंख्याच्या वाऱ्यानं बोर्ड गरागरा फिरतो.

बल्ल्यांच्या रांगा खिडक्यांना काटकोनात लावा, समोरासमोर नको. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एक रांग १२० वर.

रोही: संध्याकाळी उघडं ठेवणार असाल तर तुडतुड्यांचा विचार करा. धान उभा असतो, दिवा लागला की थवेच्या थवे आत. आत पिवळसर एलईडी, आणि दारापासून लांब अंगणात एक झगझगीत पांढरा दिवा. फोटोवर बसलेले किडे ओल्या फडक्यानं पुसू नका, डाग पसरतो. सुक्या मऊ ब्रशनं झटका.

फोटोखाली ‘नीलगाय’ लिहा, पण शेजारी ‘रोही’ हे आपल्याकडचं नावही लिहा. सारसाच्या घरट्याचा फोटो असला तर बोडीचं (तळ्याचं) नाव लिहू नका, जिल्हा पुरे. पिंजऱ्यातला किंवा पाळीव प्राणी असेल तर तसं स्पष्ट लिहा. लंडनच्या स्पर्धेत २००९ चा विजेता, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, माणसाळलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं.

बोडीकाठ: मांडववाल्याकडे काळं कापड आहे, पण सॅटिनचं. चमकते.

सुतळीगाठ: उलटं लावा जी. मागची बाजू चमकत नाही.