समीकरण जुळवताना मुले रेणुसूत्रच बदलतात, यावर काय करावे?

प्रश्न: विज्ञान शिक्षिका, फोंडा तालुका, गोवा

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. आमची बरीच मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात आलेली आहेत, त्यामुळे ‘संयुजा’ (अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) आणि ‘व्हॅलन्सी’ हे दोन्ही शब्द मला फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे लागतात, आणि घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांना तेच पुन्हा कोकणीत समजावून सांगावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी अडचण वेगळी आहे.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी तयार होते, याचे समीकरण मी गेल्या आठवड्यात लिहायला दिले. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच, हे जवळपास सर्व मुलांच्या लक्षात आले. परंतु तो फरक मिटवण्यासाठी निम्म्याहून अधिक मुलांनी पाण्याच्या ‘एच टू ओ’चे सरळ ‘एच टू ओ टू’ करून टाकले आणि दोन्ही बाजू जुळल्या म्हणून समाधानाने वह्या पुढे केल्या. मी चूक दाखवली तेव्हा एका मुलीने विचारले, ‘बाई, अंक पुढे लिहिला तर बरोबर आणि खाली लिहिला तर चूक, असे का?’ मी तिला नियम सांगितला, पण कारण तिला पटेल अशा शब्दांत मला देता आले नाही, आणि ती गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे. हा धडा आपण कसा शिकवता, कोणत्या क्रमाने शिकवता, हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: निवृत्त शिक्षक, डिचोली

बाई, त्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि संपूर्ण धड्याची किल्ली त्यातच आहे. खाली लिहिलेला छोटा अंक त्या पदार्थाची ओळख सांगतो आणि पुढे लिहिलेला मोठा अंक त्या पदार्थाचे किती रेणू घेतले ते सांगतो. पहिला अंक निसर्गाने ठरवलेला आहे, त्याला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरा मात्र आपण ठरवायचा असतो. ‘एच टू ओ टू’ हा काल्पनिक पदार्थ नव्हे, हे मुलांना अवश्य सांगावे. तो हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, जखम धुण्यासाठी त्याचे सौम्य द्रावण औषधाच्या दुकानात मिळते, आणि ते पाणी म्हणून कोणी पिऊ शकत नाही. शक्य असल्यास ती बाटली वर्गात न्यावी आणि पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवावी. ऑक्सिजनचा एक अणू वाढवल्याने आपण पेल्यातला पदार्थच बदलून टाकला, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे. रेणुसूत्र लिहिणे आणि समीकरण संतुलित करणे ही दोन कौशल्ये एकाच तासाला शिकवू नयेत. मी आधी चार-पाच तास केवळ संज्ञा, संयुजा आणि मूलके (एकत्र राहणारे अणूंचे गट) यांवरून सूत्रे लिहून घेत असे. संज्ञांपाशी मुले अडखळतात, कारण लोखंडाची संज्ञा ‘एफई’ का, याचा मेळ इंग्रजी नावाशी बसत नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही अक्षरांची पद्धत लॅटिन नावांवरून रूढ केली. आपल्याकडे पोर्तुगीज शिकलेले एखादे आजोबा घरी असतील, तर लोखंडाला ते काय म्हणत ते मुलांना विचारून यायला सांगावे. तो शब्द ‘फेर्रम’ या लॅटिन नावाच्या इतका जवळचा आहे की ती संज्ञा पुन्हा विसरली जात नाही.

सूत्रांवर हात बसला की समीकरणाकडे वळावे. त्यासाठी मी एक साधी शिस्त लावली होती: सूत्रे शाईने लिहायची आणि पुढचे अंक पेन्सिलीने. शाईने लिहिलेले खोडायचे नाही, एवढे मुलांना पुरते. त्याआधीचा एक तास मात्र केवळ हाताने करण्याचा असावा. दोन रंगांच्या मातीच्या गोळ्या काड्यांनी जोडून हायड्रोजन, ऑक्सिजन आणि पाणी यांचे रेणू करायला द्यावेत. पाण्याचा एक रेणू केल्यावर ऑक्सिजनची एक गोळी उरते, ती टाकून देता येत नाही, म्हणून मूल आपणहून हायड्रोजनचा आणखी एक रेणू मागते. ती मागणी हाच सहगुणक, म्हणजे सूत्रापुढचा मोठा अंक.

पुढचे उदाहरण म्हणून मी तापलेले लोखंड आणि पाण्याची वाफ यांची अभिक्रिया घेत असे. सर्वांत जास्त अणू असलेल्या संयुगापासून, म्हणजे लोखंडाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असलेल्या ऑक्साइडपासून, आरंभ करावा. ऑक्सिजनच्या चार अणूंसाठी पाण्याचे चार रेणू लागतात, त्यामुळे उजवीकडे हायड्रोजनचे चार रेणू येतात, आणि शेवटी एकटे राहिलेले लोखंड तीन अणूंनी जुळते. मूलद्रव्य शेवटी जुळवावे, ही सवय इथेच लागते.

उत्तर २: औषधनिर्मिती कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ, वेर्णा

सरांच्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट मला त्याहूनही आधीची वाटते. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, हे मुळात कशासाठी? मुलांना ते गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यामागे वजनाचा अनुभव आहे: अभिक्रियेआधीचे आणि नंतरचे एकूण वजन सारखेच भरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकात बंद पात्रांत काळजीपूर्वक वजने करून तो प्रस्थापित केला. तो अनुभव मुलांना दिल्याशिवाय अणू मोजायला लावणे मला पटत नाही.

यासाठी आपल्या घरातले माडाच्या सुरीचे (माडीचे) विनेगर आणि खाण्याचा सोडा पुरेसा आहे. शीतपेयाच्या एक लिटरच्या जाड बाटलीत थोडे विनेगर घ्यावे, एक ग्रॅम सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत सोडावा आणि झाकण लगेच घट्ट लावून बाटली काट्यावर ठेवावी. बुडबुडे येत राहतात आणि वजन जसेच्या तसे राहते. झाकण उघडल्यावर फस्स आवाज होतो आणि वजन घटते, म्हणून काटा एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. सोड्याचे प्रमाण वाढवू नये, कारण एक ग्रॅम सोड्यापासून सुमारे पाव लिटर वायू तयार होतो. पुष्कळ ठिकाणी बाटलीच्या तोंडाला फुगा लावून हा प्रयोग करतात, तो टाळावा. अर्धा लिटर फुगलेला फुगा तितकीच हवा बाजूला सारतो, त्यामुळे काटा अर्ध्या ग्रॅमहून अधिक कमी दाखवतो आणि नियम खोटा ठरल्याचा समज होतो.

त्यानंतर आकडे द्यावेत. आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत असत. शिंपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध कार्बोनेट १०० ग्रॅम भाजले तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. डिचोली-सत्तरीच्या मुलांना खनिजाचे उदाहरण जवळचे वाटेल: १६० ग्रॅम हेमॅटाइट (लोहखनिज) आणि ८४ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड यांपासून ११२ ग्रॅम लोखंड आणि १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोन्हीकडची बेरीज २४४ येते, आणि ती मुलांनी स्वतः करावी.

आणखी एक इशारा देतो. संतुलित समीकरण खरे असतेच असे नाही. तांबे आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे समीकरण कागदावर सुरेख जुळते, परंतु परीक्षानळीत हायड्रोजनचा एकही बुडबुडा दिसत नाही. समीकरण हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन आहे. अंक जुळले म्हणून गोष्ट घडत नाही. मी अनेक पदवीधरांच्या मुलाखती घेतल्या आहेत आणि हा गैरसमज तिथपर्यंत टिकलेला पाहून मला खरोखर वाईट वाटले आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शाई आणि पेन्सिलीची शिस्त उद्यापासूनच लावते, आणि बाटलीचा प्रयोग शनिवारी करणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. अॅल्युमिनियम सल्फेटसारखे कंस असलेले सूत्र आले की मुले ऑक्सिजन मोजताना हमखास चुकतात. दुसरी शंका अपूर्णांकाची: स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्यूटेनचे ज्वलन दिले, तेव्हा एका मुलाने ऑक्सिजनपुढे साडेसहा लिहिले. त्याला चूक म्हणावे का?

उत्तर ३: गणित व विज्ञान शिक्षिका, पेडणे

मूलक दोन्ही बाजूंना अभंग राहत असेल, तर त्याचे अणू सुटे मोजूच नयेत. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या अभिक्रियेत उजवीकडे सल्फेटचे तीन गट दिसतात, म्हणून आम्लाचे तीन रेणू घ्यावेत. अॅल्युमिनियमचे दोन अणू आहेत, म्हणून हायड्रॉक्साइडचे दोन. मग पाण्याचे सहा रेणू आपोआप येतात. मात्र चुनखडी भाजताना कार्बोनेट फुटते, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. गट टिकला की फुटला, हे आधी पाहण्याची सवय लावावी.

साडेसहाला मी कधीही चूक म्हणत नाही. त्या मुलाने ब्यूटेनचा एक रेणू धरून कार्बन डायऑक्साइडचे चार आणि पाण्याचे पाच रेणू बरोबर काढले, ऑक्सिजनचे तेरा अणू मोजले आणि त्यांची जोड्यांत विभागणी केली. त्याची रीत निर्दोष आहे. त्याला फक्त विचारावे, की अर्धा रेणू काड्या-गोळ्यांनी करून दाखवशील का? काडी मोडावी लागेल, हे दिसले की तो स्वतः सगळ्या अंकांची दुप्पट करील आणि २, १३, ८, १० हे अंक लिहील. परीक्षेत पूर्णांकच लिहावेत हे त्याला सांगावे, परंतु वहीत त्याचे साडेसहा खोडू नये, शेजारी दुप्पट लिहून घ्यावे.