गिटारच्या लॅकरला फोड आलेत, मदत हवी आहे (तातडीचे)

घाईतला
नमस्कार मंडळी. माझ्या अकूस्टिक गिटारच्या पुढच्या बाजूला लॅकरला फोड आलेत. घामोळं उठावं तसे बारीक बारीक, हात टेकतो तिथे जास्त. शनिवारी कार्यक्रम आहे, त्याआधी घालवायचेत. काय लावू? "कारागिराला दाखवा" हे सांगू नका, तेवढा वेळ नाही.

रंधा
लॅकर कंपनीचं की नंतर मारलेलं? गिटार किती जुनी? बंद गाडीत किंवा उन्हात राहिली होती का? फोटो टाका.

घाईतला
कंपनीचीच आहे गिटार. फोटो चढत नाहीये.

तंबोरा७
सोपं आहे. सुईने एकेक फोड टोचायचा, सुपरग्लूचा थेंब सोडायचा, सुकला की ब्लेडने घासून सपाट. मी तीन गिटारी अशाच केल्यात, आज शोधूनही डाग सापडत नाही.

रंधा
तंबोराशेठ, सुई नंतर. आधी फोड कशाचे ते तर कळू द्या. टाचणीच्या टोकाएवढे पुष्कळ फोड असतील तर बहुधा थिनर अडकलंय. कोट जाड बसला की वरून साय धरते आणि खालच्या थिनरला बाहेर पडायला वाट राहत नाही. मध्ये खळगा आणि भोवती कडा, माशाच्या डोळ्यासारखं दिसत असेल तर सिलिकॉन. पांढुरका, मोठा, दाबला की हलणारा फोड म्हणजे पापुद्रा खालून सुटलाय. तिन्हींचे उपाय वेगळे.
घाईतले, नख हळूच दाबा. वळ उठतो का? आणि नाक जवळ नेऊन वास घ्या.

अनवट
तारा कधी बदलल्या होत्या? माझ्या गिटारची तार दर वेळी पुलाजवळच (ब्रिजजवळ) तुटायची, तिथे खोगिरावर, म्हणजे तार टेकते त्या पट्टीवर, धार आली होती. बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि प्रश्न मिटला. बघा करून.

घाईतला
तारा ठीक आहेत हो! वळ उठतोय. वासही येतोय.
बरं, एक सांगायचं राहिलं. मागे एक ओरखडा गेला होता, म्हणून मीच वरून क्लिअर लॅकरचा स्प्रे मारला. पण तो कंपनीच्या फिनिशवरच मारला, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

रंधा
"एक राहिलं"! अहो, सगळी गोष्ट तिथेच आहे की. कधी मारला? किती कोट, किती अंतराने? आधी कशाने पुसलंत?

घाईतला
१२ दिवस झाले. तासाभरात ४ कोट. लवकर वाळावं म्हणून उन्हात ठेवली होती. पुसलं फर्निचरच्या पॉलिशने, चकचकीत झालं होतं.

रंधा
एकाच तासात चार कोट, वर ऊन. आणि फर्निचरच्या पॉलिशमध्ये बरेचदा सिलिकॉन असतं, त्यावर कुठलंही फिनिश धड बसत नाही. पेपर मारून खालचा पृष्ठभाग खरवडला होता का, हे विचारायचं धाडस होत नाही.

जुनं_खोड
मुळात कंपन्या पॉलिएस्टर मारतात तिथेच घोळ होतो. जाड प्लास्टिकमध्ये लाकूड गुदमरतं. नायट्रोसेल्युलोजची गिटार श्वास घेते, आवाज खुलतो.

तंबोरा७
ज्या नायट्रोची आरती चाललीय ते १९२० च्या दशकात मोटारींचा रंग झटपट वाळावा म्हणून गाजलं, आवाजासाठी नव्हे. फरक पडतो तो जाडीने. पातळ पॉलिएस्टर आणि जाड नायट्रो शेजारी ठेवा, डोळे बांधा, ओळखून दाखवा.

जुनं_खोड
कान असावे लागतात.

रंधा
कानांसाठी वेगळा धागा काढा. मात्र नायट्रो की पॉलिएस्टर हे इथे कळायलाच हवं. नायट्रो थिनरमध्ये पुन्हा विरघळतं, म्हणून नवा कोट जुन्यात मुरतो. पॉलिएस्टर एकदा जमलं की थिनरला दाद देत नाही, वरचा कोट नुसता बसून राहतो. घाईतले, जिथे स्प्रे गेलेला नाही अशी आडबाजूची जागा शोधा, उदाहरणार्थ पट्ट्याच्या बटणाखाली. कानकोरणीच्या कापसाला थिनरचा एक थेंब, क्षणभर टेकवा. चिकट झालं तर लॅकर, ढिम्म राहिलं तर पॉलिएस्टर किंवा तसलंच काही.
तंबोराशेठ, ओल्या लॅकरात सुपरग्लू घातला तर थेंब कडक, भोवतालचं मऊ. थिनर उडून लॅकर आकसलं की थेंबांचे उंचवटे राहतील. तुमची युक्ती वाळलेल्या फिनिशसाठी चांगली आहे, मीही वापरतो.

तंबोरा७
माझ्या गिटारी वाळलेल्या होत्या हे कबूल.

घाईतला
बटणाखाली काही झालं नाही, ढिम्म. मग पुढच्या बाजूलाही लावून पाहिलं, तिथे माझा थर लगेच सुटला आणि खाली कंपनीचं फिनिश जसंच्या तसं! म्हटलं सापडलं, कापड भिजवून भराभर पुसायला घेतलं. पण आता कडेची पांढरी पट्टी मऊ झालीय. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. हे काय नवीन?

रंधा
थेंब सांगितला होता, कापड नव्हे. ती पट्टी सेल्युलॉइड किंवा एबीएस प्लास्टिकची असते, थिनर तिला खातं. आता हात लावू नका, पुसूही नका. थिनर उडालं की पट्टी परत घट्ट होईल, ठसा राहील. काही दिवसांनी ब्लेड उभं धरून हलकं खरवडलं की सपाट.
उरलेला थर थिनरने काढू नका. आणखी दोन-तीन आठवडे वाळू द्या, वास पूर्ण गेला की ८०० चा ओला पेपर, मग १२००, २०००, शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. साउंडहोलच्या कडेला कोरडाच पेपर मारा, तिथे उघडं लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पुढचा भाग जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो, जोर लावू नका.

घाईतला
आणि शनिवार?

रंधा
वाजवा की. फोडांनी आवाज बिघडत नाही. हाताखाली जुना धुतलेला सुती रुमाल ठेवा, नाहीतर घामाने बाही चिकटेल. आणि रबराच्या स्टँडवर ठेवू नका, मऊ लॅकरवर त्याचेही डाग पडतात.

अनवट
पट्टा चामड्याचा आहे की नायलॉनचा? माझा एकदा बटणातून निसटला होता, तेव्हापासून मी मागे बाटलीच्या झाकणाची रबरी चकती लावतो.

रंधा
अनवट, रबरच नको म्हणतोय ना.