३१ ऑक्टोबर : शाळेचा हॅलोविन अन् आपल्या कंपाउंडातली लेकरं

संडेस्कूलच्या ताई: जय ख्रिस्त सर्वांना. तालुक्याच्या इंग्लिश शाळेची नोटीस आली आहे. ३१ तारखेला हॅलोविन, ड्रेस भूत, चेटकीण नाहीतर सांगाड्याचा. कंपाउंडातली बरीच लेकरं त्याच शाळेत जातात. काय करायचं ते आजच ठरवू.

दवाखान्यासमोरचे काका: सैतानाचा सण आहे. त्या दिवशी लेकरं घरीच ठेवा.

पाळकसाहेब: काका, तुमची कळकळ खरी आहे, पण लेकरांना कारण सांगायचं तर खरं सांगू. ३१ ऑक्टोबर ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या सेंट पीटरमध्ये सर्व संतांच्या नावानं चॅपल अर्पण केलं, तिथून ही तारीख धरतात. आयर्लंडात याच सुमारास सुगी संपल्यावरचा साउइन (Samhain) हा जुना सण होता, त्याच्या चाली यात मिसळल्या. तिकडं सलगम कोरून दिवे करत. लोक अमेरिकेत गेले तेव्हा लाल भोपळा हाती आला. प्लॅस्टिकचे मुखवटे अन् सांगाडे हा अलीकडचा बाजार.

बायबलातलं अनुवाद हे पुस्तक, १८:१०-११ वाचा. शकुन पाहणं, जादूटोणा, मेलेल्यांना विचारणं मना आहे. कपड्यांबद्दल तिथं एक शब्द नाही. त्या वचनावर ड्रेसचं पाप उभं करू नये.

क्वार्टर नं. ४ च्या वहिनी: म्हणजे घालू द्यायचा ना जी? वर्गातली सगळी पोरं घालून येतील, आपलंच लेकरू कोपऱ्यात उभं राहील.

आशा वर्कर ताई: वहिनी, माझा आक्षेप वेगळा आहे. अमेरिकेत चेटकीण गोष्टीत असते. आपल्या भागात करणी केली म्हणून खऱ्या बाईला मारहाण होते, गावातून काढतात. म्हातारी, विधवा, एकटी राहणारी अशीच बाई सापडते. त्यासाठी २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. लेकरू ताप आल्यावर आधी मांत्रिकाकडं जातं, मग दवाखान्यात, तोवर मलेरिया डोक्यात चढलेला असतो. अशा गावात वाकडं नाक लावून, हातात झाडू देऊन पोरीला चेटकीण करून मिरवायचं? लेकरू तेच शिकतं की अशी दिसणारी बाई वाईट असते. मी म्हणते, चेटकिणीचा ड्रेस नकोच. हे शाळेलाही सांगा, सगळ्या धर्माच्या लेकरांसाठी.

पाळकसाहेब: ताई, हे माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा वजनदार आहे. शाळेच्या चिठ्ठीत पहिलं हेच लिहा.

संडेस्कूलच्या ताई: शाळेत पाठवूच, ड्रेस आपला. मेंढपाळ दावीद सगळ्यात सोपा: जुनी शाल, कमरेला दोरी, खांद्यापेक्षा आखूड काठी. गोफण दिली तर दगड नको. फ्रान्सच्या तूर शहराचा संत मार्टिनही चालेल, भिकाऱ्याला अर्धा झगा कापून देणारा. लाल ओढणी मधोमध कापली की झालं. झगा घोट्याच्या वर ठेवा, पाय अडकून पोरं पडतात. नायलॉनचे चमकते झगे आणू नका, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात. तोंड झाकणारा मुखवटा नको, बाजूचं दिसत नाही.

क्वार्टर नं. ४ च्या वहिनी: अन् शाळेनं चॉकलेट वाटलं तर?

पाळकसाहेब: खाऊ द्या. १ करिंथ १०:२५, बाजारात मिळतं ते विचारपूस न करता खा. ज्यांचं मन मानत नाही त्यांनी पाठवू नये, अन् पाठवणाऱ्यांना नावं ठेवू नये. रोमकरांस १४ त्यासाठीच आहे.

दवाखान्यासमोरचे काका: मान्य. पण संध्याकाळ रिकामी सोडू नका. रिकामी राहिली की पोरं मोबाइलवर भुताचे व्हिडिओ पाहतात.

कॅथलिक घरच्या मावशी: मग कबरस्तानात या ना. २ नोव्हेंबरला आमचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, सफाई आधीच करावी लागते. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, आमची आम्ही करू. तुम्ही प्रोटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही, तो प्रश्न तुमच्यावर नाही. कबरी तर दोघांच्याही आहेत.

पाळकसाहेब: येतो. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन लूथरनं चर्चच्या सुधारणेसाठी प्रबंध मांडले, म्हणून त्या दिवशी आम्हा प्रोटेस्टंटांची उपासना सहाला. सफाई चारला सुरू करू.

मावशी: कळीचा चुना ५ किलो, लोखंडी ड्रममध्ये, ३० तारखेलाच. आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. उलट केलं की उसळून डोळ्यात जातो. लेकरं लांब. रातभर भिजू द्या, कापडातून गाळा, दुधासारखा पातळ करा, थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. कबर आधी ब्रशनं घासून पाण्यानं ओली करा. कोरड्या धुळीवर मारलेला चुना दोन आठवड्यात पापडासारखा सुटतो. पातळ दोन हात द्या, जाड एक नको.

आशा वर्कर ताई: गाजरगवत उघड्या हातानं उपटू नका, खाज अन् पुरळ येतं. हातमोजे घाला. आधी काठी आपटत जा, पाऊस नुकताच गेला, गवतात साप असतो. लेकरांना घासणं अन् पाणी आणणं एवढंच द्या.

मावशी: मेणबत्त्या वाळूभरल्या मडक्यात लावायच्या, भोवतीचं वाळलं गवत हातभर काढून. प्लॅस्टिकची फुलं आधी उचला.

दवाखान्यासमोरचे काका: ड्रम माझ्याकडं आहे, पण बुडाला गंज आहे. आतून घासून देऊ की दुसरा पाहू?