मदत हवी आहे: १९४९ चा न्यासालँडचा दुष्काळ आणि बायकांची कांडणाची गाणी

नमस्कार. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी न्यासालँडमधला (आफ्रिकेतला आजचा मलावी) १९४९ चा दुष्काळ घेतला आहे, ब्लँटायरच्या आसपासच्या गावांतला. ऐन हंगामात पावसाने ओढ दिली आणि मका वाळून गेला, हे सरकारी कागदांत आहे. जमिनीची धूप आणि वाढती वस्तीही आहे. पण कोणाच्या घरी चूल पेटली आणि कोणाच्या नाही, ते त्यांतून उमगत नाही.

ते उमगतं बायकांच्या तोंडून. इतिहासकार मेगन वॉन यांनी तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींबरोबर मका कांडताना म्हणायची गाणीही पुरावा म्हणून घेतली. तिथली रीत मातृवंशीय, म्हणजे वंश आईकडून चालतो. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. दुष्काळात कितीतरी नवरे निघून गेले, आणि गाण्यांतली तक्रार त्यांच्याबद्दलचीच आहे. मजुरीला दक्षिण आफ्रिकेत किंवा दक्षिण ऱ्होडेशियात (आजचा झिंबाब्वे) जाऊन परत न आलेल्यांना तर तिकडे शब्दच आहे, 'माचोना'.

वाचताना आजी आठवत राहिली. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळाला ती 'बहात्तर साल' म्हणत नाही, 'मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला त्या वर्षी' म्हणते. आणि सुरुवात पावसापासून करत नाही, खडी फोडायला गेल्यावर सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ) कोणाच्या पदरात पडली तिथून करते.

अडचण अशी की ही गाणी दुष्काळानंतर तीसेक वर्षांनी नोंदली गेली. मधे ओळी बदलल्या असणार. शिवाय मला चिचेवा ही तिथली भाषा येत नाही, सगळी मदार इंग्रजी भाषांतरावर. मार्गदर्शक म्हणतात, गाणी परिशिष्टात टाक. मला ते अजिबात पटत नाही. नवरा सोडून गेलेल्या बाईची उपासमार मुख्य मजकुरातच यायला हवी.

जात्यावरच्या ओव्यांवर काम केलेल्यांना विचारायचं आहे: एकच ओवी चार गावांत चार तऱ्हांनी मिळते, तेव्हा जुनं काय आणि मागून जोडलेलं काय, हे कशावरून ठरवता? गाणारीचं वय, माहेर, सासर यांची नोंद किती कामी येते?

लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात न्यासालँडच्या फाइली आहेत (ब्रिटिश वसाहत खात्याच्या, क्रमांक सीओ ५२५). तिथून प्रती कोणी मागवल्या आहेत का? खर्च किती आला?

आणि मलावीत राहिलेलं, चिचेवा समजणारं कोणी इथे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. दोनच गाणी आहेत, शब्द न् शब्द समजून घ्यायची आहेत.