बारशाची भेट आणि ते चित्र (परिवार ग्रुप)

सुमनकाकू: सगळ्यांना नमस्कार. कोणाला लावून बोलत नाहीये. पण पाळण्यासमोरचा आमचा बाळकृष्ण काढून तिथे ते मांजरवालीचं चित्र कोणी लावलं, एवढं कळलं तर बरं होईल.

विनूदादा: मांजर आडवं गेलेलं नाही काकू, कडेवर आहे. चालतं 😄

अण्णा: बारशाला जेवायला कोण कोण येणार ते संध्याकाळपर्यंत कळवावे. केटररला आकडा द्यायचा आहे.

शुभदावहिनी: आई, मीच लावलं. बाळकृष्णाची काच तडकली म्हणून फ्रेमवाल्याकडे दिलाय. तुम्हाला मंगळवारी सांगितलं होतं.

सुमनकाकू: सांगितलं असेल. आमच्या कुठे लक्षात राहतं हल्ली.

मीनाआत्या: मुग्धाने पाठवलेलं ना ते? फोटो टाक गं इथे.

शुभदावहिनी: 📷 फोटो

मीनाआत्या: अगंबाई! पोर एवढी गंभीर का? कोणी रागावलंय का तिला?

मुग्धा (ब्रेमेन): नाही गं आत्या. जर्मन चित्रकर्ती पाउला मोडरसोन-बेकर हिने काढलेलं चित्र आहे, 1904 च्या सुमाराचं. बर्चच्या झाडीतली मांजर घेतलेली मुलगी. आमच्या ब्रेमेनजवळ वोर्प्सवेडे म्हणून गाव आहे, दलदलीचं. लोक तिथला पीट, म्हणजे दलदलीतली वाळली की जळणारी माती, कापून सरपण म्हणून विकायचे. पाउला 1898 मध्ये तिथे राहायला गेली. शेतकऱ्यांची, मजुरांची, गावच्या निराधारगृहातली पोरं तिच्यासमोर बसायची. मुलांचं चित्र म्हणजे गुबगुबीत गाल आणि झालरीचा फ्रॉक, असा तो जमाना. हिने त्यातलं काही केलं नाही. पोर कंटाळलेली असेल तर कंटाळलेलीच.

विनूदादा: म्हणजे आपल्या सगळ्यांचे आधार कार्डावरचे फोटो.

भाऊकाका: एक दुरुस्ती. या बाईंना सरसकट एक्स्प्रेशनिस्ट म्हणतात, म्हणजे भावना दाखवायला रंग-आकार मुद्दाम बदलणारे चित्रकार. त्यांचा ड्रेस्डेनचा 'डी ब्रुके' गट 1905 चा. बाई 1907 मध्ये गेल्या, आणि त्या गटात कधीच नव्हत्या. पूर्वसूरी म्हणा.

मुग्धा (ब्रेमेन): काका, इथे कोणी एक्स्प्रेशनिस्ट म्हटलेलंच नाहीये अजून.

भाऊकाका: म्हणतील. आधीच सांगून ठेवलं.

अण्णा: जेवायला कोण कोण ते कळवावे. फक्त विनूचे उत्तर आले आहे आणि ते 'श्रीखंड आहे का' असे आहे.

सुमनकाकू: इतिहास राहू दे. ते हात बघा आधी. वरण वाढायचा डाव बरा दिसेल.

मुग्धा (ब्रेमेन): 😂 काकू, तिचा नवरा ओटो, तोही चित्रकारच. 1903 मध्ये त्याने डायरीत तिच्या चित्रांबद्दल हेच लिहून ठेवलंय. हात चमच्यांसारखे, तोंडं जखमांसारखी.

सुमनकाकू: बघा. घरच्या माणसाला कळतं.

मुग्धा (ब्रेमेन): पण तिच्यात काहीतरी मोठं आहे हेही त्यानेच आधी ओळखलं होतं गं. ती सारखी पॅरिसला जायची, तिथे सेझान, गोगँ या चित्रकारांची चित्रं बघून आली. मग जाड रेघ, सपाट रंग, चेहरा एकदम जवळ आणलेला. बारीकसारीक सगळं गाळून टाकायची. ओटोच्या पहिल्या बायकोची मुलगी एल्सबेथ, तिचीही कितीतरी चित्रं काढली. ती अगदी लहान असतानाच तिची आई गेली होती. त्या चित्रांत कुठे बिच्चारी पोर असा सूर नाही.

मीनाआत्या: सावत्र आई असून? छान हो. सगळ्यांना जमत नाही ते.

सुमनकाकू: मीना, हे कोणाला?

मीनाआत्या: जनरल बोलले वहिनी. तुम्ही लगेच अंगाला लावून घेता.

विनूदादा: मुग्धे, ओरिजिनल केवढ्याला असेल? वहिनी, फ्रेमच्या मागे बघा जरा.

मुग्धा (ब्रेमेन): म्युझियमच्या दुकानातलं प्रिंट आहे दादा. ती होती तेव्हा मोजकीच चित्रं विकली गेली, आणि काढलेली सातशेच्या वर. 1927 मध्ये ब्रेमेनमध्ये तिच्या एकटीच्या चित्रांसाठी म्युझियम उघडलं. एका चित्रकर्तीच्या नावाचं जगातलं पहिलं. बांधणारा रोझेलियुस, कॅफीन काढलेल्या कॉफीचा व्यापारी.

विनूदादा: कॅफीन काढलेली कॉफी, हसू काढलेली मुलं. माणसाचं धोरण ठाम होतं.

भाऊकाका: आणि 1937 मध्ये नाझींनी हिची चित्रं जर्मनीतल्या म्युझियममधून उचलली, 'विकृत कला' म्हणून. आपल्या ग्रुपवर आज तेच चाललंय.

सुमनकाकू: भाऊजी, मला नाझी म्हणताय?

भाऊकाका: छे छे. एक ऐतिहासिक संदर्भ दिला.

अण्णा: जेवायला कोण कोण. भाऊ, तुझे दोन धरू का?

भाऊकाका: दोन धर. आणि मुद्दा असा की या बाईंना फार आयुष्यच मिळालं नाही. मुलगी झाली आणि अठराव्या दिवशी गेल्या. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी पलंगावरून हलू दिलं नव्हतं. उठल्या आणि रक्ताची गुठळी. वय 31.

विनूदादा: काका 🤦

मीनाआत्या: अहो भाऊ!!

सुमनकाकू: झालं. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत बाळंतपणात गेलेल्या बाईचं चित्र. मुग्धा, तू लहान आहेस, तिकडे राहतेस, तुला काही म्हणत नाही. पण घरात मोठी माणसं आहेत, कोणीतरी विचारायचं.

मुग्धा (ब्रेमेन): काकू, सॉरी, मी या बाजूने विचारच केला नाही. पण तिची ती मुलगी नव्वदी पार करून 1998 मध्ये गेली. आईच्या नावाने संस्थाही तिनेच काढली.

सुमनकाकू: नव्वदी?

मुग्धा (ब्रेमेन): हो.

सुमनकाकू: बरं.

शुभदावहिनी: मी एक बोलू का? हे सगळं मुग्धाने मला आधीच सांगितलं होतं. तरी लावलं. घरी येणारा प्रत्येक जण बाळासमोर टाळ्या वाजवून हस हस करतो, मोबाईल काढतो, आणि नाही हसलं की 'आईवर गेलंय' म्हणतो. या मुलीला कोणी हसायला लावलेलं नाही. मला ते बघून बरं वाटतं.

मीनाआत्या: 'आईवर गेलंय' मी गमतीत म्हटलं होतं हं.

शुभदावहिनी: हो आत्या. जनरलच बोलले मी.

विनूदादा: 🍿

सुमनकाकू: माझं म्हणणं एवढंच. बाळकृष्ण आला की पाळण्यासमोर तोच. चित्र खिडकीच्या बाजूला लावा. काढा असं मी कुठे म्हटलं?

शुभदावहिनी: चालेल आई. तिकडे खिळा नाहीये, ड्रिल लागेल.

अण्णा: ड्रिल माझे आहे. दिवाळीपासून विनूकडे आहे.

विनूदादा: अण्णा, ते मी भाऊकाकांकडे दिलं.

भाऊकाका: मला दिलं ते बिटाशिवाय दिलं. हेही नमूद करून ठेवतो.

अण्णा: बिट शनिवारी घेऊन यावे. आणि जेवायला कोण कोण.